कोंबडीची जात निवडतांना तुरा पहावा

थंड मुलखांत परसांत अंड्यांसाठीं कोंबड्या पाळणारे पुष्कळदां केवळ अंड्यांची संख्या पाहून जात निवडतात. हें आम्हांस पसंत नाहीं. लेगहॉर्न अंडीं भरपूर देते खरी, परंतु तिचा मोठा तुरा कडाक्याच्या हिंवांत गोठतो आणि अंडीं घटतात. म्हणूनच कॅनडांतील क्वेबेक प्रांतीं ओका येथील मठांत ब्रदर विल्फ्रिड शातलेन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं आखूड तुऱ्याची, दाट पिसांची 'शांतक्लेर' जात तयार केली. तेथें तीच किंवा चपट्या तुऱ्याची वायनडॉट घ्यावी. खुराडें कोरडें व हवेशीर, पण वाऱ्याच्या झोताआड असावें. आमच्याकडे देशावर मात्र मोठा तुरा अंगांतील उष्णता बाहेर टाकतो, म्हणून तो गुणच होय. सारांश, जात हवामान पाहून निवडावी, जाहिरात पाहून नव्हे.