बळीचे राज्य आणि माणदेशाचे भविष्य

साहित्यातील भविष्यचिंतन म्हणजे विज्ञानकथा, असा एक संकेत मराठी समीक्षेत रूढ झालेला दिसतो. ग्रामीण साहित्याच्या वाट्याला मग उरतात ते हरवलेले गाव आणि सोसलेला दुष्काळ. या विभागणीमुळे सातारा-सांगलीच्या पर्जन्यछायेतील मुलखाने भविष्याची जी कल्पना केली, ती साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिली.

वास्तविक इष्ट भविष्याची एक प्रतिमा लोकपरंपरेत पूर्वीपासून आहे. बलिप्रतिपदेला ओवाळताना बळीचे राज्य यावे अशी इच्छा केली जाते. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) याच बळीला न्यायी राजाचे रूप दिले. खटाव तालुक्यात उगम पावून सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळणाऱ्या येरळेवर १९८०च्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी धरण बांधण्याचे ठरविले, तेव्हा त्याला 'बळीराजा' हे नाव मिळाले. मुक्ती संघर्ष चळवळीच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या कामात श्रमदान होते आणि नदीतील वाळूच्या मर्यादित विक्रीतून आलेला पैसाही होता. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा पाण्यावर हक्क, आणि फार पाणी पिणाऱ्या उसाला नकार, ही त्यामागील भूमिका होती. येथे मिथक भूतकाळाचे असले, तरी त्याचा रोख भविष्याकडे आहे.

तथापि समन्यायी वाटप हे एकच मूल्य पुरेसे आहे काय? व्यंकटेश माडगूळकरांच्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या असता हा प्रश्न अधिक तीव्र होतो. 'बनगरवाडी'तील (१९५५) धनगर मेंढरांबरोबर आणि माळावरच जगतात. पाऊस हुलकावणी देतो तेव्हा वाडीच उठते. माळ हे त्यांच्या दृष्टीने केवळ साधन नाही, तो त्यांच्या असण्याचाच भाग आहे. 'सत्तांतर'मध्ये (१९८२) वानरांच्या टोळीतील संघर्ष माणसाच्या लाभहानीचा हिशेब न करता उभा राहतो. ही कादंबरी मानवी राजकारणाचे रूपक म्हणून वाचण्याचा मोह होतो. परंतु तसे वाचताच वानर नाहीसे होतात आणि माणूसच तेवढा शिल्लक राहतो.

जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०२२ साली निसर्गमूल्यांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात निसर्गापासून, निसर्गासोबत, निसर्गात आणि निसर्ग म्हणून जगणे अशा चार दृष्टी मांडल्या आहेत. बाजारातील किमतीत न मावणारी मूल्ये निर्णयप्रक्रियेत डावलली जातात, हा त्या आढाव्याचा मुख्य आक्षेप आहे. मराठी वाचकास या चार दृष्टी सर्वस्वी नव्या नाहीत. त्या येथील लोकाचारात, चळवळीत आणि कथात्म साहित्यात विखुरलेल्या आहेत.

त्या एकत्र वाचण्याची निकड व्यवहारातून आलेली आहे. कराडजवळ टेंभू येथे उचललेले कृष्णेचे पाणी आटपाडीपर्यंत पोहोचले. तहानलेल्या मुलखाचा हा न्याय्य लाभ आहे. मात्र पाण्यामागोमाग ऊस आला की समृद्धीचे एकच चित्र उरते. ज्या माळावर मेंढरे चरतात आणि लांडगा वावरतो, तो सरकारी वर्गीकरणात पुष्कळदा 'पडीक' ठरतो. पश्चिमेकडे उलट अडचण आहे. चांदोली अभयारण्याला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० पासून ते कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथे वन्यजीवांचे स्वतंत्र मूल्य मान्य झाले, परंतु त्यासाठी वारणाखोऱ्यातील गावांना उठावे लागले. पूर्वेला माळ अदृश्य होतो आणि पश्चिमेला माणूस. दोन्हीकडे एका मूल्याने इतर मूल्यांना हद्दपार केले आहे.

मूल्यांची विविधता मान्य करणे म्हणजे सर्वांना खूश ठेवणे नव्हे. भूमिहीनाचा पाण्याचा वाटा आणि मेंढपाळाचे कुरण यांत तंटा होऊ शकतो. तो लपविण्यापेक्षा उघड मांडणे हिताचे. कादंबरीला हे साधते, कारण तिला एकाच पात्राच्या बाजूने निकाल देण्याची सक्ती नसते. म्हणून ग्रामीण साहित्याच्या अध्यापनात वास्तवाचे चित्रण किती अस्सल, या प्रश्नाबरोबरच आणखी एक प्रश्न यावयास हवा: या कृतीत कोणते भविष्य शक्य आहे, आणि त्यात कोणाला जागा नाही? बळीच्या राज्यात भूमिहीनाचा वाटा ठरला होता. मेंढराचा आणि लांडग्याचा वाटा ठरावयाचा आहे.