हॅलोवीनची राजधानी कोणती?

प्रतिवर्षीं दसरा उलटला कीं अमेरिकेंतील वृत्तपत्रें एका ठराविक वादास हात घालतात. ३१ ऑक्टोबरची रात्र, म्हणजे हॅलोवीन, कोणत्या शहरांत घालवावी, हा तो वाद. याद्या प्रसिद्ध होतात, शहरांस क्रमांक मिळतात. मिरवणूक केवढी, पाहुणे किती, गोळ्या-चॉकलेटांचा भाव काय, त्या रात्रीं पाऊस पडण्याचा संभव किती, असे गुण मोजले जातात. आमच्या वाचकांस हा वाद दूरचा वाटेल. आम्हांसहि वाटत होता. परंतु आमच्या एका स्नेह्यांची मुलगी लग्न होऊन न्यू जर्सींत राहते, तिनें गेल्या वर्षीं आम्हांस विचारलें, "काका, मुलांना यंदा सेलमला नेऊं कीं न्यूयॉर्कला? यादींत तर सेलमचें नांव फार वर आहे." मुलें नऊ व सहा वर्षांचीं. हॉटेलांतील दोन रात्रींचें भाडें ऐकून आमचे डोळे पांढरे झाले. पण त्याहून नवल वाटलें तें हें कीं, धाकटा घरींच राहण्याचा हट्ट धरून बसला होता, आणि त्या हट्टाचें कारण त्याला कोणींच विचारलें नव्हतें.

आमच्या मतें मुळांत प्रश्नच उफराटा आहे. आणि त्याचें जें उत्तर आज बहुतेकांच्या तोंडीं आहे, सेलम, तें तर लाजिरवाणें आहे.

हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडचा. उन्हाळा संपून अंधाराचे महिने लागत तो संधिकाल केल्ट लोक साविन म्हणून पाळीत. ख्रिस्ती धर्मानें १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरविला आणि त्याच्या पूर्वरात्रीस आजचें नांव मिळालें. ह्या रात्रीं मृतांचा व जिवंतांचा पडदा पातळ होतो अशी समजूत. मुलें सोंगें घेऊन घरोघर जात, गाणें म्हणत किंवा नक्कल करीत, आणि सफरचंद, अक्रोड असें कांहीं घेऊन परतत. सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळानें आयरिश लोक लाखोंनीं अमेरिकेस लोटले, त्यांजबरोबर सणहि गेला, आणि सलगमाची जागा तांबड्या भोपळ्यानें घेतली. भोपळा कोरावयास सोपा, एवढेंच त्याचें शास्त्र.

म्हणजे ह्या सणाचें सामान तीन वस्तूंचें: सोंग, दिवा आणि शेजाऱ्याचें दार. आम्हां मराठी लोकांस ही गोष्ट परकी वाटण्याचें कारण नाहीं. नवरात्रांत मुली एका घरचा भोंडला उरकून दुसऱ्या घरीं जातात, फेर धरतात, आणि डब्यांत झांकलेली खिरापत ओळखण्यासाठीं एकच गिल्ला करतात. शिमग्यांत कोकणांत संकासुर व गोमू अंगणांत नाचून जातात आणि घरधनी त्यांच्या हातावर कांहीं ठेवतो. आतां कोणीं विचारावें कीं, भोंडल्यासाठीं सर्वांत उत्तम शहर कोणतें, पुणें कीं नाशिक? विचारणाऱ्याकडे आपण डोळे विस्फारून पाहूं. भोंडला शहरांत होत नाहीं. तो ज्या वाड्यांत आपल्याला ओळखतात त्या वाड्यांत होतो.

आतां सेलमकडे वळूं. हें आपल्या तामिळनाडूंतलें नव्हे. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील समुद्रकांठचें, सुमारें चव्वेचाळीस हजार वस्तीचें गांव. १६९२ सालीं त्या परिसरांत कांहीं मुलींस झटके येऊं लागले, आणि त्या ज्यांचीं नांवें घेत त्यांस चेटूक केल्याच्या आरोपाखालीं पकडण्यांत आलें. १९ जणांस फांसावर चढविलें. जाइल्स कोरी नांवाच्या म्हाताऱ्यानें खटला चालवून घेण्यासच नकार दिला, म्हणून अंगावर दगड रचून त्यास चिरडून मारलें. निदान पांच जण तुरुंगांत मेले. रिबेका नर्स ही सत्तरी उलटलेली, देवभीरु म्हणून नांवाजलेली बाई. ज्यूरीनें तिला प्रथम निर्दोषी ठरविलें; न्यायाधीशांनीं पुन्हां विचार करावयास लाविलें; आणि ती फांसावर गेली. सेरा गुड हिला फांशीं दिलें, आणि तिच्या चार-पांच वर्षांच्या पोरीला, डॉरथीला, बेड्या घालून कित्येक महिने कोंडून ठेविलें. पांच वर्षांनंतर न्यायाधीशांपैकीं सॅम्युएल स्यूअल हा भर प्रार्थनामंदिरांत उभा राहिला आणि त्याच्या अपराधाची कबुली धर्मोपदेशकानें सर्वांसमक्ष वाचून दाखविली. दोषी ठरविलेल्यांपैकीं एलिझाबेथ जॉन्सन हिच्या नांवावरचा कलंक तर कायद्यानें पुसला गेला तो २०२२ सालीं, आणि तोहि शाळेंतल्या मुलांनीं पाठपुरावा केला म्हणून.

अशा ह्या गांवांत आज पोलिसांच्या गाड्यांवर झाडूवर बसलेल्या चेटकिणीचें चित्र आहे. १९८२ पासून तेथें ऑक्टोबरचा उत्सव भरतो. अलीकडे त्या एका महिन्यांत दहा लाखांवर माणसें लोटतात. २००५ सालीं भर वस्तींत एका विनोदी दूरचित्रमालिकेंतल्या चेटकिणीचा कांस्यपुतळा बसविण्यांत आला. फांशीची नेमकी जागा मात्र २०१६ पर्यंत निश्चित झाली नव्हती. ती निघाली एका औषधांच्या दुकानामागच्या खडकाळ उंचवट्यावर, आणि तेथें लहानसें स्मारक झालें तें २०१७ मध्यें. नाटकांतल्या चेटकिणीस बारा वर्षें आधीं जागा मिळाली, ह्यावर निराळें भाष्य नको.

कोणी म्हणेल, इतिहास कडू असला तरी नातें तर जुनें आहे ना? नातेंच नाहीं. ज्या प्युरिटन लोकांनीं हे खटले चालविले ते हॅलोवीन पाळीत नसत. नाताळ साजरा करणारास दंड करण्याचा कायदा त्यांच्या वसाहतींत १६५९ पासून १६८१ पर्यंत होता. ते भुतांचा सण कोठून खपवून घेणार? फांसाचे दिवस जून ते सप्टेंबरचे. ऑक्टोबरच्या अखेरीस सेलमच्या इतिहासांत एकच मोठी गोष्ट घडली: २९ ऑक्टोबर १६९२ रोजीं गव्हर्नर फिप्स यानें तें खास न्यायालय बरखास्त केलें. त्या आठवड्यांत कांहीं साजरें करावयाचेंच असेल तर कायदा शुद्धीवर येऊं लागला हें करावें. पण त्यासाठीं टोकदार टोपी विकत घ्यावी लागत नाहीं.

सेलमच्या रहिवाश्यांविषयीं आम्हांस राग नाहीं. कातड्याचे कारखाने गेले, पोट भरलें पाहिजे. १९९२ सालीं त्यांनीं मृतांच्या नांवांच्या शिळा असलेलें एक साधें, गंभीर स्मारकहि उभारलें आहे. राग आहे तो याद्या करणारांचा आणि त्या विनातक्रार मानणारांचा. सातपुड्यांत, नंदुरबारच्या अंगास, बायांना डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या आपण आजहि वाचतों. महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यामागें असले प्रकारहि होते. उद्यां एखाद्या पाड्यावर, जेथें एका विधवेला दगडांनीं ठेंचलें तेथें, कोणीं डाकीण-महोत्सव भरवून रबरी नखें विकलीं, तर आपण मुलांस घेऊन जाऊं काय? तीनशें वर्षें लोटलीं म्हणजे ठेंचलेली बाई गमतीची होते, असा हिशेब असेल तर तो उघड मांडावा.

न्यूयॉर्कचें प्रकरण इतकें वाईट नाहीं. उलट त्याचा आरंभ फार गोड आहे. १९७४ च्या सुमारास राल्फ ली नांवाच्या बाहुल्या-मुखवटे करणाऱ्या कलावंतानें आपलीं व शेजारचीं मुलें घेऊन ग्रेनिच व्हिलेजच्या गल्ल्यांतून फेरी काढली. पुढें ती फुगत गेली, गल्ल्यांत मावेना, आणि सिक्स्थ अव्हेन्यूच्या रुंद रस्त्यावर गेली. आज तेथें हजारों लोक सोंगें घेऊन चालतात आणि लाखों लोक कठड्यांमागून पाहतात. पाहण्यासारखी आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु कठड्यामागें उभ्या राहिलेल्या सहा वर्षांच्या मुलास तींत पुढच्याची पाठ दिसते.

ह्याच मार्गानें पुढें गेलें म्हणजे काय होतें, तें सोल शहरानें पाहिलें. २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्रीं इटेवॉन भागांतील एका उताराच्या, अवघ्या तीन-चार मीटर रुंद गल्लींत हॅलोवीनची गर्दी दाटली आणि चेंगराचेंगरींत १५९ जीव गेले, बहुतेक विशीतले. तेथें कोणी कोणाच्या दारीं गेलें नव्हतें. सर्व जण, जेथें सर्व जण जातात तेथें गेले होते. पुढल्या वर्षीं टोकियोंतील शिबुया भागाच्या महापौरांनीं लोकांस हॅलोवीनसाठीं येथें येऊं नका अशी जाहीर विनंति केली. यजमानानेंच हात जोडून येऊं नका म्हणावें, अशी वेळ सणावर यावी हें विचित्रच.

आतां खुद्द दारांकडे पाहूं, कारण खरी हानि तेथें आहे. अमेरिकेंत संकेत असा कीं, ज्याच्या दारावरचा दिवा लागलेला त्याच्याकडे जावें. विझलेला असेल तर पुढें व्हावें. ज्या देशांत शेजाऱ्याचें नांव वर्षानुवर्षें ठाऊक नसतें, तेथें एका संध्याकाळीं अनोळखी घराची घंटा वाजवावी, दार उघडावें, आणि आंतल्या माणसानें हंसून कांहीं द्यावें, ही केवढी गोष्ट आहे! पण हींच दारें आतां भीतीनें बंद होत आहेत. गोळ्यांत विष असेल, ही ती भीति. जोएल बेस्ट नांवाच्या समाजशास्त्रज्ञानें वर्षानुवर्षांच्या बातम्या चाळल्या. अनोळखी माणसानें वाटलेल्या विषारी गोळीनें मूल दगावल्याचें एकहि खरें उदाहरण त्यास सांपडलें नाहीं. १९७४ सालीं टेक्सासांत एक मुलगा विषानें मेला खरा; विष घालणारा त्याचा बाप होता. उलट २०१८ सालीं अमेरिकन वैद्यकसंस्थेच्या बालरोगविषयक नियतकालिकांत ४२ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. हॅलोवीनच्या संध्याकाळीं मोटारीखालीं पादचारी मरण्याचा धोका इतर संध्याकाळांहून ४३ टक्के अधिक, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतींत सुमारें दहापट. म्हणजे भ्यावयाचें मोटारीला, आणि लोक भितात शेजारच्या म्हातारीला! त्यावर तोड काय काढली, तर वाहनतळावर मोटारी ओळीनें उभ्या करून त्यांच्या डिकींतून खाऊ वाटावयाचा. मोटारीपासून मूल वांचविण्यासाठीं मोटारीच्याच दारीं सण! एकाहि यादींत शहराला गुण देतांना पादचारीमार्ग किती रुंद, गाड्या किती हळू, दिवे लागलेलीं दारें किती, ह्यांस पहिलें स्थान मिळालेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

तरीहि कोणीं गळ्याला सुरी लावून एका शहराचें नांव मागितलें, तर आम्ही उत्तर आयर्लंडमधील डेरीचें देऊं. एका अमेरिकन वृत्तपत्राच्या वाचकांनीं २०१५ सालीं तेंच निवडलें होतें. पण आमचें कारण निराळें आहे. ह्या शहराच्या नांवाविषयींच एकमत नाहीं. अर्धे लोक त्यास लंडनडेरी म्हणतात. १९७२ च्या जानेवारींत तेथें सैनिकांच्या गोळ्यांनीं निःशस्त्र मोर्चेकऱ्यांपैकीं १३ जण जागच्या जागीं मेले. अशा शहरांत १९८६ च्या सुमारास, शांतता-करार व्हावयास एक तप अवकाश असतांना, लोक हॅलोवीनला सोंगें घेऊन रस्त्यांवर उतरूं लागले. जेथें तोंड झांकलेला मनुष्य दिसला कीं छातींत धस्स होई, तेथें मुखवटा हंसण्यासाठीं घालावयाचा! हें धाडस किती मोठें होतें तें १९९३ च्या ३० ऑक्टोबरला कळलें. जवळच्याच ग्रेस्टील गांवीं हॅलोवीनच्या मेजवानींत बंदूकवाले शिरले, मुलांच्या तोंडचें "ट्रिक ऑर ट्रीट" हें वाक्य उच्चारून त्यांनीं गोळ्या झाडल्या, आणि ८ माणसें मारलीं. त्यानंतरहि डेरीच्या लोकांनीं सण सोडला नाहीं. आज तेथेंहि आतषबाजी आहे, प्रवासी आहेत, धंदा आहे. आम्ही कांहीं भाबडे नाहीं. पण तेथें गांवकरी स्वतः सोंग घेतात, आणि ज्या भीतीशीं खेळतात ती त्यांची स्वतःची आहे, कोणाच्या वधस्तंभावरून उसनी आणलेली नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या मुलीस पत्रांत लिहिलें आणि धाकट्यास एकदां विचारून पाहण्यास सुचविलें. तिचें उत्तर आलें. आपण वाघाचें सोंग घेतलें आहे हें तिसऱ्या घरच्या आजोबांनीं ओळखलें पाहिजे, आणि सेलमला तर ते आजोबा नसणार, असें चिरंजीवांचें म्हणणें पडलें. हॉटेलचे आगाऊ भरलेले पैसे अर्धेच परत मिळाले, म्हणून जांवईबापू थोडे नाराज आहेत. आम्हीं उलट टपालीं एवढेंच कळविलें कीं, वाघाच्या शेपटीला चकाकणारी पट्टी शिवा, रस्ता ओलांडतांना हात धरा, आणि तुमच्या दारावरचा दिवा सहाच्या आधीं लावा.