विश्लेषण : गोळीचे टोक कापून नेम सुधारतो का?

रायफलच्या गोळीचे टोक छोट्या हातयंत्रावर कापून सारखे करायचे, मग साच्यात दाबून ते पुन्हा निमुळते करायचे आणि काडतूस घरीच भरायचे. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या नेमबाजांचा हा आवडता उद्योग आता मोबाइलवरील व्हिडिओंतून सर्वत्र पोहोचला आहे. स्वप्नील कुसळे याच्या ऑलिम्पिक पदकानंतर रायफलकडे वळलेल्या तरुणांना त्याचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्यांच्या खेळाला याचा उपयोग नाही आणि भारतात परवान्याशिवाय असे करणे गुन्हा आहे. त्यांची खरी गरज वेगळीच आहे.

टोक कापण्याचे कारण काय?

लांब पल्ल्याच्या स्पर्धेतील बहुतेक गोळ्यांत शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते. हे आवरण टोकाकडे दाबत आणून मिटवले जाते. त्यामुळे टोकाला बारीक छिद्र उरते आणि त्याच्या कडा ओबडधोबड राहतात. एकाच डब्यातील गोळ्यांच्या लांबीतही काही हजारांश इंचांचा फरक असतो. टोक जितके बोथट, तितका हवेचा विरोध जास्त. टोके वेगवेगळी असली की प्रत्येक गोळीचा वेगही वेगळ्या प्रमाणात घटतो. कापल्याने सगळी टोके सारखी होतात, पण थोडी रुंदही होतात. ती रुंदी घालवण्यासाठी साचा लागतो.

फरक किती पडतो?

हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, गोळी पोहोचायला साधारण दीड सेकंद लागतो. एवढ्या वेळात हवेच्या विरोधातील काही टक्क्यांचा फरकही लक्ष्यावर वर-खाली दिसतो. जवळच्या अंतरावर तो जवळजवळ उरत नाही. शिवाय बारुदाचे वजन कमी-जास्त झाले किंवा वारा चुकीचा जोखला, तर टोकावरची सगळी मेहनत वाया जाते. टोक सुधारणे ही शेवटची पायरी आहे. सुरुवात तिथून होत नाही.

ऑलिम्पिकमध्ये काय चालते?

ऑलिम्पिकमधील ५० मीटर रायफलसाठी पॉइंट २२ बोअरचे काडतूस वापरतात. त्याची गोळी शिशाची आणि गोलसर टोकाची असते. स्फोटक मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. घोड्याच्या आघाताने ती कड चेपली जाते, त्यामुळे असे काडतूस घरी पुन्हा भरण्याजोगे राहत नाही. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. इथे गोळी घासण्यापेक्षा ती निवडण्याला महत्त्व आहे. एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या काडतुसांचे वेगवेगळे ‘लॉट’ एकाच नळीतून वेगळे वागतात. म्हणून युरोपातील उत्पादकांच्या चाचणी केंद्रांत नेमबाजाची रायफल पकडीत घट्ट बसवून एकेक लॉट तपासतात. जो लॉट सर्वांत लहान घोळका देतो, त्याचाच साठा घेतला जातो.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे, त्यात बदल करणे किंवा त्याची चाचणी घेणे बेकायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. ‘फक्त प्रयोग करून पाहिला’ ही सबब चालणार नाही.

कोकणाला बंदूक हाताने भरणे नवे नाही. चिपळूण तालुक्यातील पोफळीसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना ठासणीची बंदूक ठाऊक आहे. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासायचे, हा तिचा रिवाज. पण तिचा परवाना रानडुकरे आणि वानरांपासून शेत राखण्यासाठी असतो. त्या सवयीच्या बळावर रायफलचे काडतूस उघडायला जाणे म्हणजे बोटे, डोळे आणि परवाना तिन्ही पणाला लावणे होय.

मग हवे काय?

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या कुसळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समधील हे भारताचे पहिले ऑलिम्पिक पदक. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती ठरली होती. गुणवत्ता गावाकडूनही येते, हे दोघांनी दाखवले. पण उत्तम लॉट निवडायचा तर परदेशवारी, आयात आणि मोठी रक्कम लागते. इथे मेहनतीपेक्षा ऐपत पुढे जाते.

पदक मिळाल्यावर बक्षिसे जाहीर करणे सोपे असते. त्यापेक्षा बालेवाडीच्या क्रीडासंकुलात लॉट-चाचणीची सोय नवोदितांना परवडेल अशा दरात मिळावी आणि काडतुसांची खरेदी एकत्रित व्हावी. खडकी आणि वरणगाव येथे दारूगोळ्याचे कारखाने असलेल्या या राज्यात स्पर्धेच्या दर्जाचे पॉइंट २२ काडतूस तयार करण्याचे उद्दिष्ट का नसावे? ‘म्युनिशन्स इंडिया’चे मुख्यालयही पुण्यातच आहे. असे झाले तर व्हिडिओ पाहून गोळी घासण्याचा मोह आपोआप कमी होईल आणि नेम पैशांवर नव्हे, सरावावर ठरेल.