सर्व्हर आधी घरात उभा करा

पनवेल तालुक्यातल्या रोडपालीत संध्याकाळी बसमधून उतरणाऱ्या पोरापोरींच्या पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा असतात. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी बीएससी आयटीला, कुणी सहा महिन्यांच्या कोर्सला. त्यांना विचारावंसं वाटतं, ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर मारलं की पुढे काय होतं? मला हे मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी गप्प बसलो होतो. क्लासची फी भरून तीन फ्रेमवर्क शिकलो होतो, आणि इतकी साधी गोष्ट सांगता येईना. म्हणून हे आवाहन: पुढचा कोर्स लावण्याआधी एक साधा वेब सर्व्हर स्वतःच्या हाताने लिहा. पायथनमध्ये तो तीसेक ओळींत होतो.

सर्व्हर म्हटलं की एसीतली कपाटं डोळ्यांपुढे येतात. आपल्याच पनवेल तालुक्यात योट्टा कंपनीचं एनएम१ डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं, तिथे ७,२०० रॅकची सोय आहे. पण काम तेच: कान लावून बसायचं, कुणी काही मागितलं की द्यायचं. जगातला पहिला वेब सर्व्हर १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर चालत होता. कुणी चुकून बटण दाबू नये म्हणून त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती, हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. सुरुवातीला ब्राउझरची मागणीही एकाच ओळीची असे: ‘गेट’ हा शब्द आणि पुढे पानाचा पत्ता.

पायथनसोबत एक तयार सर्व्हर येतो, एका कमांडवर सुरू होतो. तो एकदा चालवून बघा आणि बाजूला ठेवा. मग सॉकेट नावाची लायब्ररी घ्या. ८००० नंबरचा पोर्ट पकडायचा, ऐकत बसायचं, आलेलं कनेक्शन स्वीकारायचं आणि ब्राउझरने जे पाठवलं ते जसंच्या तसं स्क्रीनवर छापायचं. उत्तर द्यायची घाई नको, आधी हे वाचा. पान एकदाच उघडलंत तरी बहुतेक वेळा दोन मागण्या दिसतील. दुसरी टॅबवरच्या छोट्या चित्राची, फॅव्हिकॉनची असते. तिला ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, सांगून मोकळे व्हा.

उत्तरात पहिल्या ओळीत २०० ओके, खाली हेडर, मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर पान. ती रिकामी ओळ राहिली तर पान दिसतच नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ तिच्यात गेली.

आता खास आपला घोळ. माझं इंग्रजी पान झकास चालत होतं. मराठीत नुसतं ‘रोडपाली’ पाठवलं, तर स्क्रीनवर आलं ‘रो’ आणि पुढे काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह. मजकूर किती बाइटचा आहे हे हेडरमध्ये सांगायचं असतं. मी अक्षरं मोजायला सांगितली, पायथनने ७ सांगितली: र, ओकाराची मात्रा, ड, प, काना, ल, वेलांटी. पण यूटीएफ-८ मध्ये यातल्या प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. ब्राउझरने सातच घेतले: सहांत ‘रो’ झाला, सातवा ‘ड’चा तुकडा. मजकूर आधी बाइटमध्ये बदला, मग मोजा, आणि हेडरमध्ये यूटीएफ-८ आहे असंही लिहा. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, म्हणून तिकडच्या धड्यांत ही चूक पचून जाते. मराठी पान केलंत तरच ती सापडते, तेव्हा पहिलं पान मराठीतच करा.

सुरुवातीला सर्व्हर १२७.०.०.१ या पत्त्यावरच ठेवा, म्हणजे तो फक्त तुमच्या लॅपटॉपला दिसतो. जमलं की घरच्या वायफायवर खुला करा आणि आईच्या मोबाइलवर लॅपटॉपचा पत्ता टाकून पान उघडा. घरात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. पानावर बिल्डिंगच्या पाण्याची वेळ लिहा, निदान कुणीतरी वाचेल. पुढे मात्र जाऊ नका. राउटरमधून पोर्ट उघडून हा सर्व्हर जगापुढे मांडणं म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणं. तो तयार सर्व्हर तर ज्या फोल्डरमध्ये चालवाल त्यातल्या फाइलींची यादीच दाखवतो. आधार कार्डाच्या स्कॅन कॉपी कुठे पडल्या आहेत ते आठवा. वेगळं, रिकामं फोल्डर घ्या. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर हे प्रयोग विचारल्याशिवाय करू नका.

लॅपटॉप नाही, ही अडचण खरी आहे, पण अडून बसण्याइतकी नाही. अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स हे ॲप फुकट मिळतं, त्यात पायथन चालतं. बोटं दुखतात एवढंच.

आणि आईवडिलांना एक विनंती. रात्री हॉलमध्ये लॅपटॉप उघडाच दिसला आणि त्यावर ‘बंद करू नका’ अशी चिठ्ठी असली, तर वीजबिलाचं सकाळी बोला. तेवढा प्लग काढू नका.