पाककृतींची श्रीमंती, शिध्याचे दारिद्र्य

बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, येसर आमटी, अकोल्याच्या डोंगरातली नाचणी आणि वरई: अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या घरगुती स्वयंपाकाचे कौतुक अलीकडे फार वाढले आहे. हमरस्त्यावरच्या हॉटेलांत 'चुलीवरची भाकरी' मिरवते. सुखवस्तू घरांत आज पंजाबी, उद्या चिनी, परवा 'गावरान' असा बेत ठरतो. निरनिराळ्या परंपरांचे अन्न एकमेकांच्या घरी शिजावे, ही चांगलीच गोष्ट आहे. आक्षेप आहे तो पाककृतीला केवळ चवीचा विषय मानण्यावर. पदार्थाच्या मुळाशी धान्य असते आणि धान्याच्या मुळाशी जमीन, पाणी व बाजारभाव असतो.

छापील पाकशास्त्राने या मुळाकडे क्वचितच पाहिले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली. या पुस्तकांनी असंख्य गृहिणींना हात दिला, यात शंका नाही. परंतु 'रुचिरा'नंतर दोनच वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, याच महाराष्ट्रात खडी फोडणाऱ्या हातांवर सुकडी पडत होती आणि भाकरी परदेशी मिलोची होती. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या अन्नाचा आलेख मांडणारे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' यायला २०१५ साल उजाडावे लागले. ज्यांच्या घरात तेलाचा थेंब मोजून पडे, त्यांचा स्वयंपाक इतका उशिरा कागदावर यावा, हा योगायोग नव्हे.

आता या पाककृती टिकणार कशा? प्रवरा परिसरात १९५० साली विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यामुळे उसाला ठरलेला दर मिळाला आणि दारातच ठरलेला ग्राहक मिळाला. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही; त्याचा हिशेब बरोबर आहे. बाजरीचा हिशेब मात्र मोडलेला आहे. २०२५-२६ साठी तिची आधारभूत किंमत क्विंटलला २,७७५ रुपये जाहीर झाली. पण जवळ खरेदी केंद्र नसेल तर हा आकडा कागदावरच राहतो. हुलग्याला तर त्या यादीत स्थानच नाही. मग शेंगोळ्यांच्या गौरवाने हुलगा पेरला जाईल, अशी आशा कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

लोकांनाच गव्हाची पोळी हवी आहे, असे यावर उत्तर मिळते. परंतु रेशनच्या दुकानात मुख्यतः गहू-तांदूळच मिळत असेल, तर गरिबाच्या आवडीला स्वातंत्र्य उरले कोठे? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरेही झाले. तरीही शाळेतल्या पोषण आहाराचा पाया तांदूळच राहिला. शिवाय भाकरी थापण्याचे, चुलीचा धूर सोसण्याचे कष्ट बाईने करावेत आणि परंपरेचे श्रेय समाजाने घ्यावे, ही वाटणीही न्यायाची नाही. पिठाची गिरणी, स्वस्त इंधन आणि सामूहिक स्वयंपाकघर यांच्याशिवाय भाकरीचा आग्रह म्हणजे स्त्रीवर लादलेली वेठबिगारच.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले; २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मात्र बियाण्याला सन्मान आणि पिकाला बाजार नाही, ही विसंगती पुरस्काराने मिटत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी तालुक्या-तालुक्यात मागणी धरली पाहिजे: बाजरी, ज्वारी, नाचणी यांची हमीभावाने स्थानिक खरेदी व्हावी, हुलग्याला आधारभूत किंमत मिळावी, आणि हे धान्य त्याच तालुक्यातील रेशन दुकानांत, शाळांत व अंगणवाड्यांत पोहोचावे. पाककृती लिहून ठेवणे सोपे आहे. त्या शिजवण्याइतके धान्य प्रत्येक घरात पोहोचवणे हे राजकारणाचे काम आहे.