घामाचे दाम आणि बाईचा रोज

घनसावंगी तालुक्यात कापसाची वेचणी सुरू झाली की दिवसभराचा कापूस संध्याकाळी तोलला जातो आणि किलोच्या भावाने मजुरी हाती पडते. तराजूला बाई कोण आणि गडी कोण हे कळत नाही. किंबहुना वेचणीत बायांचा हात अधिक चपळ असतो, हे जाणून शेतमालक आधी त्यांनाच बोलावणे धाडतो. हाच मालक खुरपणीच्या दिवसांत मात्र बाईचा रोज गड्याहून कमी धरतो. तराजूपुढे जी उणी ठरत नाही, ती रोजावर येताच उणी कशी ठरते? याचे उत्तर शेतीच्या हिशेबात नाही; ते रूढीत आहे.

गड्याचे काम जड, म्हणून त्याला रोज जास्त, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. नांगरट जड आणि दिवसभर उन्हात ओणवे राहून केलेली खुरपणी हलकी, हे कोणी ठरवले? 1972 च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेने या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावला आहे. तिथे मजुरी कामाच्या मोजमापावर ठरली. स्त्री-पुरुष असा भेद दरात राहिला नाही. सरकारी पाझर तलावावर जी बरोबरी शक्य झाली, ती शेजारच्या वावरात अशक्य का व्हावी?

कायद्याबद्दलही संदिग्धता नाही. 1976 च्या समान मोबदला कायद्याने सारख्या कामाला सारखे वेतन देण्याचे बंधन मालकावर घातले. एवढेच नव्हे, तर बरोबरी साधण्याच्या निमित्ताने पुरुषांचा दर खाली आणण्यासही मनाई केली. मुंबईच्या मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीतील एका लघुलेखिकेच्या दाव्यात 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मालकाची आर्थिक ऐपत ही या कायद्यातून सुटण्याची पळवाट होऊ शकत नाही. 2019 साली संमत झालेल्या वेतन संहितेनेही भेदभावाची ही मनाई कायम ठेवली आहे.

तथापि केवळ कायद्याच्या धाकाने गावाचा रोज बदलत नाही. घनसावंगीतला मालक म्हणजे कोणी कारखानदार नव्हे. बहुतेक वेळा तो कोरडवाहू शेतकरीच असतो. म्हणून त्याच्याशी त्याच्या हिताचीही भाषा बोलली पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन बाहेर पडतात आणि नेमका तेव्हाच कापूस फुटतो. मजूर मिळत नाहीत, वेचणी लांबते, फुटलेला कापूस पावसात भिजतो. अशा वेळी ज्याने वर्षभर बायांना योग्य रोज दिला, त्याच्या वावरात त्या आधी येतात. पालापाचोळा न मिसळता स्वच्छ वेचतात. ज्याने खुरपणीला दहा-वीस रुपये वाचवले, तो वेचणीला त्याहून अधिक गमावतो. शिवाय बाईच्या हाती पडलेला रोज गावच्या दुकानातच खर्च होतो, तिच्या लेकरांच्या ताटात उतरतो. आणि ज्याचे शेत लहान, त्याच्या घरची बाई स्वतःचे काम आटोपून दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जातेच. गावात बाईचा रोज पाडणारा मालक असा आपल्याच घरातली मिळकत पाडत असतो.

याहून मोठा प्रश्न नैतिक बळाचा आहे. शेतकरी सरकारकडे घामाचे दाम मागतो. उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांचे श्रमही पूर्ण दराने धरा, असे म्हणतो. ही मागणी न्याय्यच आहे. पण त्या हिशेबात घरच्या बाईचा दिवस कोणत्या दराने मांडायचा? गड्याच्या दराने मांडायचा असेल, तर खुरपणीला आलेल्या बाईलाही तोच दर दिला पाहिजे. एक दर सरकारकडून मागायचा आणि दुसरा मजूर बाईला द्यायचा, हा दुटप्पीपणा आंदोलनाच्या मुळावर येतो.

चळवळीतील अनेक कार्यकर्ते स्वतः शेतमालक आहेत. बरोबरीच्या ठरावांना ते हात वर करतात. येत्या हंगामात गावाचा रोज ठरेल, तेव्हा तो हात खिशाकडेही वळला पाहिजे. ठरावाची परीक्षा सभेत होत नाही. ती संध्याकाळी बांधावर, रोज वाटण्याच्या वेळी होते.