राज्य तुटेल, मग दाखला कुठला?

१९५५ साली बाबासाहेबांनी चार महाराष्ट्र सुचवले. आपला नगर मध्य महाराष्ट्रात, कोल्हापूर पश्चिमेत. वेगळ्या राज्याचे पुढारी तेवढेच वाचून दाखवतात आणि मग कांदा, ऊस, रस्ते यांवर भांडतात. अहो, कांद्याच्या ट्रकला कलम ३०१ आहे, प्रवासाला कलम १९. नाक्यावर अडेल तो आपला जातीचा दाखला! कलम ३४१ ची यादी राज्यवार आहे. स्थलांतरिताचे आरक्षण मूळ राज्यापुरतेच, हे सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच सांगितले. २००० साली बिहारमधून झारखंड निघाले, तिथल्या दलित उमेदवाराला न्याय मिळायला २०२१ उजाडले. पाथर्डीचा बौद्ध ऊसतोड कामगार फाळणीनंतर कोल्हापुरात स्थायिक झाला, तर त्याच्या लेकरांना शिष्यवृत्ती कोण देणार? झेंडा हातात घेण्याआधी याचे उत्तर लेखी मागा.